डिझेल ऑफरोड ट्रकला ट्रान्सफर केस निवडायची तर सुरुवात कुठून करायची

डिझेल बिल्ड हातात घेतलं की इंजिन ठरतं, गिअरबॉक्स ठरतो, टायर तर आधीच मनात ठरलेले असतात, आणि ट्रान्सफर केसचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच, लो रेंज किती घेऊ, ४ ला १ पुरेल की ५ ला १ बघू. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. मोठ्या डिझेलला ताकद कमी पडत नाही, त्याला आरपीएम कमी पडतात, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निवडीचा क्रमच बदलतो.

केसचं काम काय ते दोन ओळीत बघू. गिअरबॉक्समधून आलेली फिरकी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला द्यायची, लो रेंजमध्ये ती अजून हळू आणि जोरदार करायची, आणि पुढचा ॲक्सल हवा तेव्हा जोडायचा-सोडायचा. म्हणजे ही मधली वस्तू आहे, एका बाजूला गिअरबॉक्स आणि दुसऱ्या बाजूला दोन ॲक्सल. ही टोकं पक्की झाल्याशिवाय केस विकत घेऊ नका. स्वस्तात मिळाली म्हणून आधीच आणून ठेवलेली केस नंतर अख्ख्या बिल्डला आपल्यामागे फरफटत नेते, तिच्यासाठी अडॅप्टर, तिच्यासाठी वेगळा शाफ्ट, तिच्यासाठी फ्लोअर कापा, असं होत जातं.

आकडेमोड आधी, खरेदी नंतर

उदाहरणाला कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन घेऊ, जे १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये आलं. पॉवर फक्त १६० हॉर्सपॉवर, पण टॉर्क ४०० फूट-पाउंड म्हणजे साधारण ५४२ न्यूटन मीटर, आणि तो १७०० आरपीएमच्या आसपासच मिळतो. २५०० च्या थोडं पुढे गेलं की गव्हर्नर, म्हणजे पंपातली आरपीएम ताब्यात ठेवणारी यंत्रणा, डिझेल कापायला लागतो. पेट्रोल व्ही-८ वाला त्याच गिअरमध्ये पाच हजारापर्यंत ओढत राहतो, आपल्याकडे आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरतं तो आरपीएम, ८०० धरला तर ८०० ते २५०० एवढीच खिडकी. लो रेंज जितकी खोल घ्याल तितकी प्रत्येक गिअरमधली ही खिडकी स्पीडच्या हिशोबात अजून छोटी होते.

आता याच इंजिनामागे एनव्ही ४५०० मॅन्युअल गिअरबॉक्स लावा, त्याचा पहिला गिअर ५.६१ आणि तिसरा १.६७. ॲक्सल रेशो ४.१० आणि टायर ३७ इंची, एका फेरीत साधारण २.९५ मीटर जाणारे. क्रॉल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या, तो काढायचा तर पहिला गिअर गुणिले लो रेंज गुणिले ॲक्सल रेशो. लो १.९६ असेल तर ४५ येतो, २.७२ असेल तर ६२ ते ६३, आणि ४ असेल तर ९२. आयडलवर पहिल्या गिअरमध्ये ट्रक चालेल अनुक्रमे तासाला साधारण ३.१, २.३ आणि १.५ किलोमीटरने. इथपर्यंत बघितलं तर ४ वालीच भारी वाटते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

पण पुढचं पण काढा. चिखल आहे किंवा वाळू आहे, लो मध्ये तिसरा टाकलाय आणि इंजिन २५०० वर आहे. १.९६ वाल्या केसला ट्रक ३३ ने जातोय, २.७२ ला २४ ने, आणि ४ ला फक्त १६ ने. चिखलात टायरच्या खाचांमधला चिखल उडून बाहेर पडायला चाकाचा स्पीड लागतो, १६ मध्ये तो पडत नाही, टायर गुळगुळीत होऊन जागेवर फिरत राहतो. मग तुम्ही चौथा टाकता, चौथ्यात स्पीड मिळतो पण तिसऱ्यातून चौथ्यात जाताना क्लच दाबल्याबरोबर चिखलात ट्रक थांबतो, झालं. आणि ४ ला १ मध्ये पहिल्या गिअरचा टॉप स्पीड ताशी ५ किलोमीटरच्या आत आहे, बाजूला चालणारा माणूस तुमच्याबरोबर राहील. दगडांवर हे छान, बाकी सगळीकडे सारखं गिअर बदलत बसायचं.

म्हणून मोठं डिझेल, खोल पहिल्या गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि बऱ्यापैकी ॲक्सल रेशो असं कॉम्बिनेशन असेल तर २ ते २.७ च्या मधली लो रेंज पुरते असं मी म्हणतो. एक गोष्ट अजून डिझेलच्या बाजूने आहे. जुन्या मेकॅनिकल पंपांचा गव्हर्नर आयडल पकडून ठेवतो, चढ आला की पेडलला पाय न लावता तोच डिझेल वाढवतो आणि ट्रक आयडलवर चढत राहतो. पेट्रोलला हे जमवायला खोल गिअर लागतात, डिझेलला तेवढे लागत नाहीत.

उतारावर मात्र उलटं आहे आणि हे बरेच जण विसरतात. डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे पाय काढल्यावर इंजिन तितकं आवळून धरत नाही. जड ट्रक, तीव्र उतार आणि लो फक्त १.९६ असेल तर ब्रेकवर भार येतो. यावर खोल लो हा एक उपाय आहे, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराचा रस्ता आवळून इंजिनाला रोखणारी झडप, हा दुसरा, आणि उतार जास्त असलेल्या भागात ट्रक चालवायचा असेल तर मी एक्झॉस्ट ब्रेक आधी बघेन कारण तो हाय रेंजमध्ये लोड घेऊन घाट उतरताना पण कामाला येतो.

ऑटोमॅटिक असेल तर वरचा अर्धा हिशोब फिरतो. डॉजच्या ४७ आरएच, ४७ आरई, ४८ आरई या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४५ आहे, म्हणजे २.७२ लो आणि ४.१० ॲक्सल धरून क्रॉल रेशो फक्त २७. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी ऑइलमधून ताकद पोचवणारा भाग, सुरुवातीला टॉर्क वाढवून देतो हे खरं, पण दगडावर चाक टेकवून पेडल दाबून धरलं की सगळी गरमी कन्व्हर्टरमध्येच जाते आणि ट्रान्समिशनचं ऑइल तापतं. इथे ३.८ किंवा ४.३ लो चा खरा फायदा आहे, क्रॉल रेशो ३८ ते ४३ वर जातो, कन्व्हर्टर कमी घसरतो, ऑइल थंड राहतं. आणि छोटं डिझेल, दोन-अडीच लिटरचं, त्याचंही तसंच, तिथे टॉर्कच कमी आहे म्हणून खोल लो घ्यायलाच पाहिजे. जुन्या हायलक्सची गिअरवाली केस मुळात २.२८ ची असते आणि तिच्यात ४.७ चे गिअर टाकून लोक पिढ्यान् पिढ्या चालवतायत, छोट्या डिझेलला ती जोडी मस्त जुळते.

मजबुती कुठे लागते

मजबुतीबद्दल लोक इंजिनाचा टॉर्क बघतात आणि घाबरतात. ५४२ गुणिले ५.६१ केलं की केसच्या तोंडाशी ३०४० न्यूटन मीटर येतात, त्यावर २.७२ लो लावली की ८२७० होतात, मग इतकं सहन करणारी केस कुठून आणायची. पण तेवढा टॉर्क तिथपर्यंत पोचायला जमिनीने टायर धरून ठेवायला पाहिजे ना. साडेतीन टनाचा ट्रक घ्या, पकड ०.८ धरा, टायरची लोडखालची त्रिज्या ४५ सेंटिमीटर धरा, चारही चाकं मिळून साधारण १२,३६० न्यूटन मीटरला घसरतील, त्याला ४.१० ने भागा, दोन्ही प्रॉपशाफ्ट, म्हणजे केसपासून ॲक्सलला जाणारे शाफ्ट, मिळून ३००० च्या आसपास. त्याच्यापेक्षा जास्त टॉर्क आला की चाकं जागेवर फिरायला लागतात.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, केसच्या आउटपुटवर किती लोड येणार हे ट्रकचं वजन, टायरची उंची आणि ॲक्सल रेशो ठरवतात, इंजिन नाही. तोच ट्रक ३.५४ ॲक्सलवर असेल तर शाफ्टवर ३४९० येतात, ४.८८ वर असेल तर २५३० च. म्हणजे मोठे टायर टाकून ॲक्सल रेशो तसाच ठेवणारा माणूस केस, शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट तिघांनाही जास्त मारतो. ॲक्सलचे गिअर बदलणं म्हणजे केसला मदत करणं आहे, बजेटमध्ये ते आधी धरा.

दुसरी गोष्ट, केसच्या इनपुट शाफ्टला सगळ्यात जास्त त्रास लो मध्ये होत नाही, हाय रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये होतो. लो मध्ये शाफ्टवर ३००० काढायला इनपुटवर ११०० च लागतात, बाकीचं केसचे आतले गिअर वाढवतात. हाय मध्ये इनपुट आणि आउटपुट सारखंच, म्हणजे अख्खे ३००० इनपुटच्या स्प्लाइनवर, शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर. म्हणून जड ट्रेलर ओढून काढायचाय, अडकलेला ट्रक खेचायचाय, तर लो टाका, गिअरबॉक्स आणि क्लच पण वाचतात. हे सगळं अर्थात टायर घसरू शकतो तोपर्यंतच, दोन दगडांमध्ये चाक अडकलं किंवा जोरात फिरणारा टायर उडी मारून एकदम कोरड्या जमिनीवर टेकला तर हा हिशोब लागू नाही, तिथे झटका लागतो आणि झटक्यातच वस्तू तुटतात. जो माणूस उड्या मारत, चाकं फिरवत चालवतो त्याने एक साइझ वरची केस घ्यावी, शांतपणे चढणाऱ्याला तेवढी गरज नाही.

कुठल्या बाजूला डिफ आहे ते बघितलंत का

हे इतकं साधं आहे की लोक विचारायचंच विसरतात. ट्रकच्या मागे उभं राहून पुढे बघा, पुढच्या ॲक्सलचा डिफ (डिफरन्शियल, ॲक्सलमधला गिअरचा गोळा) मध्यापासून डावीकडे आहे की उजवीकडे. केसचं पुढचं आउटपुट त्याच बाजूला पाहिजे. फोर्डच्या मोठ्या पिकअपचा डावीकडे असतो. डॉजचे १९९३ पर्यंतचे कमिन्स ट्रक उजवीकडे आणि १९९४ पासूनचे डावीकडे, म्हणजे एकाच कंपनीचं, जवळजवळ एकच इंजिन, आणि केस एकमेकांच्या चालत नाहीत. जीएमचे सॉलिड ॲक्सलवाले जुने ट्रक उजवीकडे, टोयोटाचे आणि लँड रोव्हर डिफेंडर पण उजवीकडे. उजवी केस आणि डावा ॲक्सल असला तर मध्ये इंजिनाचं ऑइल पॅन आणि गिअरबॉक्स येतो, शाफ्ट तिरपा ओढून काही होत नाही.

मागच्या आउटपुटचं पण तसंच. एनपी २०५, एनपी २४१ वगैरे केसचं मागचं आउटपुट इनपुटच्या सरळ रेषेत असतं, लँड रोव्हरच्या एलटी २३० चं मात्र उजवीकडे सरकलेलं असतं, तिला मागचा डिफ पण सरकलेलाच हवा.

गिअर की चेन

इथे भांडणं खूप होतात. एनपी २०५ ही कास्ट आयर्नची, आत सगळे गिअर, चेन नाही, लो १.९६, साधारण १९६९ पासून १९९३ पर्यंत जीएम, फोर्ड आणि डॉज तिघांनीही वापरली आणि डॉजने पहिल्या कमिन्स ट्रकमागे तीच लावली. वजन ६५ किलोच्या आसपास, आवाज करते, पण मार खाते आणि वर्षानुवर्षं चालते. जड डिझेल ट्रकला, मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर, मला विचाराल तर ही अजूनही पहिली पसंती, आणि वर काढलेला हिशोब बघितला तर १.९६ ही तिची कमतरता नाही हे लक्षात येईल.

पण चेन म्हणजे कमजोर असं सरसकट बोलू नका. २००३ पासूनच्या रॅम हेवी ड्यूटी कमिन्स ट्रकमध्ये एनव्ही २७१ आणि २७३ आल्या, फोर्ड सुपर ड्यूटीमध्ये त्या १९९९ पासूनच होत्या, दोन्ही चेनच्या आणि २.७२ लो च्या, आणि मागे पाच-सहा टनाचे ट्रेलर ओढतायत. कारण असं की हाय रेंजमध्ये मागच्या ॲक्सलची ताकद इनपुटमधून सरळ आरपार जाते, चेनवर फक्त पुढच्या ॲक्सलचा वाटा येतो, आणि लो चं काम प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) करतात जे लहान जागेत खूप ताकद घेतात. फरक चेनच्या रुंदीत आहे. जीपची छोटी एनपी २३१ पण २.७२ आणि मोठी एनव्ही २७१ पण २.७२, कागदावर आकडा एकच, आतली चेन, शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. छोटी केस छोट्या डिझेलला ठीक, सहा सिलिंडर कमिन्समागे तिला लावू नका.

खोल लो पाहिजेच असेल तर ॲटलस सारख्या आफ्टरमार्केट केस आहेत, ॲल्युमिनियमची बॉडी, आत गिअर, आणि लो २ पासून ५ पर्यंत निवडता येते. यात एक लक्षात ठेवा, त्याच बॉडीत जितका खोल रेशो तितका छोटा गिअर अजून छोटा होतो आणि दातांवरचा भार वाढतो, म्हणून जड डिझेलला ५ घेण्यापेक्षा ३ किंवा ३.८ घेणं शहाणपणाचं.

आणि ज्यांना चिखल पण खेळायचाय आणि दगड पण चढायचेत त्यांच्यासाठी डबलर ही माझ्या मते डिझेलला सगळ्यात योग्य गोष्ट आहे. एनपी २०३ चा पुढचा रेंज बॉक्स, जो २ ला १ चा असतो, तो काढून एनपी २०५ च्या आधी लावतात. मग एक लो वापरली की साधारण २ आणि दोन्ही वापरल्या की ३.९२. चिखलात एकच, दगडात दोन्ही, वरची खिडकीची सगळी अडचण सुटते. किंमत काय मोजायची तर लांबी वाढते, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा अँगल वाढतो, आणि वजन वाढतं. लांब व्हीलबेसच्या ट्रकला चालतं, आखूड गाडीला आधी टेप धरून मोजा.

फुल टाइम, म्हणजे सतत फोर व्हीलमध्ये चालणाऱ्या केसविषयी थोडक्यात. ट्रक रोज रस्त्यावर, पावसात, अर्ध्या ओल्या डांबरावर चालणार असेल तर मध्ये डिफ असलेली आणि तो लॉक होणारी केस बरी, एलटी २३० ही त्यातली जुनी विश्वासू, लो ३.३२, आणि हाय रेंजचे रेशो पण वेगवेगळे मिळतात, टीडीआय डिफेंडरला १.४१ तर डिस्कव्हरीला १.२२. इंजिन ताकदवान टाकलं तर १.४१ वाली काढून १.२२ वाली लावली की हायवेवर आरपीएम खाली येतात, डिझेलला हे फार उपयोगी. पार्ट टाइम केस, म्हणजे मध्ये डिफ नसलेली, कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये चालवू नका, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात, तो ताण जायला जागा नसते, केस आवळते आणि लिव्हर निघत नाही.

गिअरबॉक्सला जोडायची कशी

दोन प्रकार. एकात केस गिअरबॉक्सच्या मागे बोल्टने सरळ चिकटते, दुसऱ्यात ती वेगळी चॅसिसवर बसते आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. चिकटणारी घेतली तर तीन गोष्टी जुळायला पाहिजेत, इनपुटच्या स्प्लाइनची संख्या, बोल्टचा पॅटर्न आणि इनपुट किती बाहेर किंवा आत आहे त्याची लांबी. स्प्लाइन जागेवर मोजा, कोणी फोनवर सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. डॉजमध्ये २३ आणि २९ दोन्ही येतात, जीएममध्ये १०, २७, ३२, फोर्डमध्ये बहुतेक ३१, आणि एकाच नावाची केस यातल्या कुठल्याही इनपुटची निघू शकते. एनपी २०५ नाव एकच पण फोर्डची, जीएमची आणि डॉजची तोंडं वेगवेगळी. इनपुट गिअर बदलून जुळवता येतं, जाडी वाढवणारे अडॅप्टर पण मिळतात, फक्त ते आधी शोधा, केस नंतर घ्या.

वेगळी बसणारी केस, उदाहरणार्थ १९७० च्या दशकातल्या फोर्ड आणि डॉजमधली २०५, डिझेल स्वॅपला फार सोयीची, कारण टू व्हील ड्राइव्हचा कुठलाही गिअरबॉक्स चालतो आणि केस पुढे-मागे सरकवून शाफ्टचे अँगल जमवता येतात. पण तिचा माउंट हलका बनवू नका. लो मध्ये केस स्वतः उलटी फिरायला बघते, जितका टॉर्क वाढवून बाहेर देते तितकाच फरक तिच्या माउंटवर येतो, दोन छोट्या ब्रॅकेटवर ती राहत नाही. मजबूत क्रॉसमेंबर (चॅसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा बार), लांब अंतरावरचे पॉइंट, दणकट रबर बुश. आणि मधल्या छोट्या शाफ्टला दोन्ही टोकांना सारखा अँगल द्या, आखूड शाफ्टला चूक लगेच आवाजात कळते.

चिकटणाऱ्या केसला आधार लागतो तो वेगळ्या कारणासाठी. कास्ट आयर्नचा गिअरबॉक्स, त्याच्यामागे अडॅप्टर, त्याच्यामागे ६५ किलोची केस, आणि पुढे थरथरणारं डिझेल. चार सिलिंडरचं कमिन्स ४बीटी तर त्याच्या कंपनासाठी ओळखलंच जातं. हे सगळं एका गिअरबॉक्स माउंटवर लोंबत ठेवलं तर अडॅप्टरला नाहीतर गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला चीर जाते. केसपासून गिअरबॉक्सला एक ब्रेस द्या. तिला थेट चॅसिसला कडक वेल्ड करू नका, चॅसिस पिळवटते तेव्हा तोच ताण केसच्या बॉडीत जातो, मध्ये रबर हवंच.

केस फिरवून वर उचलायची असेल, पोट सपाट करायला, तर फिरवा, पण पुढच्या शाफ्टचा अँगल आणि फ्लोअर दोन्ही तपासा, आणि ऑइलची लेव्हल नव्याने ठरवा, कारण फिलर प्लग आता मूळ उंचीवर नाही. हे केलं नाही तर केस अर्धी कोरडी चालते.

मागचा यॉक, म्हणजे शाफ्ट जोडायचं दुबेळकं, तो पण बघा. बऱ्याच चेन केसमध्ये मागचा शाफ्ट सरकत्या यॉकचा असतो, शाफ्ट काढला की ऑइल बाहेर. लिफ्ट केलेल्या ट्रकला फिक्स यॉकचं किट टाकून डबल कार्डन शाफ्ट (एका टोकाला दोन युनिव्हर्सल जॉइंट जोडलेला) लावा. एक मोठा फायदा असा की मागचा शाफ्ट जंगलात तुटला तर तो खोलून टाकून पुढच्या चाकांवर परत येता येतं.

लिव्हर हाताचा घ्या. इलेक्ट्रिक मोटरवाल्या केस रोजच्या गाडीत छान, पण पाणी, चिखल आणि जुन्या वायरिंगमध्ये नेमकं लो टाकायच्या वेळी मोटर ऐकत नाही, आणि जुनं मेकॅनिकल डिझेल टाकलेल्या ट्रकला तिच्यासाठी वेगळा कंट्रोलर लावावा लागतो. म्हणून मोटरवाल्या २७३ ऐवजी हाताच्या लिव्हरची २७१ शोधा, आतलं बहुतेक सारखंच आहे. २०५ ला दोन लिव्हर करता येतात, आतल्या शिफ्ट रेलची इंटरलॉक (दोन रेल एकदम चुकीच्या जागी जाऊ न देणारी अडसर) थोडी बदलून, मग पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा हाय-लो मध्ये टाकता येतो आणि फक्त पुढच्या चाकांवर लो मध्ये घट्ट वळण घेता येतं. मात्र एक ॲक्सल हाय आणि दुसरा लो मध्ये एकदम टाकला तर केस स्वतःशीच भांडते, काहीतरी तुटतंच, म्हणून इंटरलॉक काढलीत तर हात सांभाळून.

जुनी केस घेताना

ड्रेन प्लग उघडायला सांगा. नाही म्हणाला तर निघून या. ऑइलमध्ये बारीक राखाडी पावडर चालते, चमकणारे तुकडे किंवा दाताचा कोपरा चालत नाही. दुधासारखं ऑइल म्हणजे पाणी गेलंय, बेअरिंग गंजलेले असणार असं धरून भाव करा. प्रत्येक रेंज टाकून हाताने इनपुट फिरवा, न्यूट्रलला आउटपुट मोकळे राहतात का बघा. यॉक धरून वर-खाली हलवा, सैल लागला तर बेअरिंग.

चेनवालीत फोर व्हील टाका, मागचा यॉक कोणालातरी पकडायला सांगा आणि पुढचा मागे-पुढे हलवा, थोडी ढिलाई असतेच, पण बरीच फिरत असेल तर चेन ताणलीय. बॉडी उघडता आली तर आत चेन घासल्याच्या रेघा शोधा. शिफ्ट फोर्कला प्लास्टिकचे पॅड असतात ते झिजतात, स्वस्त आहेत, तसेच बदलून टाका. जीएमच्या काही चेन केसमध्ये, २६१ आणि २६३ त्यातल्याच, ऑइल पंप मागच्या बॉडीला आतून घासत-घासत भोक पाडतो आणि ऑइल हळूच निघून जातं, बाहेरून मागच्या अर्ध्यावर, वरच्या बाजूला ओलावा दिसला तर शंका घ्या, त्यासाठी दुरुस्तीची प्लेट मिळते ती बसवूनच केस लावा. २०५ मध्ये लोडवर गिअर बाहेर उडतो का ते मागच्या मालकाला विचारा, उडत असेल तर स्लायडर आणि गिअरच्या दातांच्या कडा गोल झालेल्या असतात.

ऑइल जे सांगितलंय तेच. २०५ मध्ये गिअर ऑइल, एनपी २०८, २४१ सारख्या पंपवाल्या चेन केसमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ ऑइल. घट्ट ऑइल जास्त चांगलं म्हणून पंपवाल्या केसमध्ये गिअर ऑइल टाकू नका, थंडीत पंपाला ते ओढता येत नाही आणि वरची बेअरिंग उपाशी राहतात. ब्रीदरचा, म्हणजे केसमधली हवा आत-बाहेर जायचा, पाइप उंच न्या, इंजिन बेच्या वरपर्यंत, नाहीतर गरम केस पाण्यात उतरली की आत पाणी ओढून घेते.

बसवल्यावर पहिल्यांदा मोकळ्या मैदानात हाय, लो, न्यूट्रल, दोन्ही लिव्हर सगळं टाकून बघा, सस्पेन्शन पूर्ण खाली सोडून दोन्ही शाफ्ट कुठे घासत नाहीत ना ते खाली झोपून बघा, थोडे किलोमीटर झाले की ऑइल काढून परत नवीन भरा आणि अडॅप्टरचे आणि क्रॉसमेंबरचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने ताणा, डिझेलच्या थरथरीत ते पहिल्या काही दिवसातच सैल होतात.